ताट देण्याची खिडकी

आई तळेगावच्या क्षयाच्या दवाखान्यातून सव्वा वर्षानं घरी येणार होती, म्हणून आम्ही घर दुरुस्तीला काढलं. साठ सालच्या आसपासची गोष्ट. लोणावळ्यातलं आमचं घर म्हणजे तीन खोल्या आणि मागे पडवी. पडवी बंद करून तिची चौथी खोली केली, ती आईची. घरात सगळे तिला 'हवेशीर खोली' म्हणत. हवेशीर ती होतीच. वेगळीही होती, पण तो शब्द कोणी वापरत नसे.

डॉक्टरांनी वडिलांना पत्र दिलं होतं. थुंकी तीनदा तपासली, जंतू नाहीत, घरच्यांना धोका नाही, असं त्यात होतं. वडील रेल्वेत कारकून. शिक्का मारलेल्या कागदावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. पण त्यांच्या थोरल्या बहिणीपुढे, म्हणजे आमच्या आत्यापुढे, शिक्का चालत नसे. आई दवाखान्यात गेल्यापासून घर तीच सांभाळत होती. पत्र ऐकून ती म्हणाली, "डॉक्टरला काय, लिहायचं आणि मोकळं व्हायचं. तो येणारे का पंक्तीला बसायला?"

वडिलांनी पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि सुताराला बोलावलं. स्वयंपाकघर आणि नवी खोली यांच्यामधल्या भिंतीत त्यानं एक लहान खिडकी पाडली. एकच झडप, खाली फळी. इकडून ताट ठेवायचं, तिकडून आईनं उचलायचं. आईनं आमच्यात बसून जेवायचं की नाही, हा प्रश्न घरात कोणी तोंडानं विचारलाच नाही. सुतारानं तो परस्पर सोडवला.

रंगारी आंदर मावळातला. खंडाळ्याच्या बंगल्यांत कामं केल्यामुळे आमच्या घराकडे तो जरा वरूनच बघायचा. भिंतींना खालून छातीपर्यंत धुता येईल असा हिरवा तेलरंग, वर चुना, आणि दोन्हींच्या मध्ये दोन बोटं रुंदीचा गडद पट्टा. पट्टा सरळ यावा म्हणून वडील स्वतः दोरीचं टोक धरून उभे राहायचे. रेल्वेच्या खासगाडीतून मोठे साहेब उतरणार असल्यासारखा त्यांचा चेहरा असे. शेजारचे एक गृहस्थ रोज येऊन हिरव्या रंगानं डोळ्यांना कसा थंडावा मिळतो ते सांगत. त्यांच्या घराला रंगच नव्हता.

पाऊस लागला तसा रंगारी गावी निघाला. भाताची रोपं टाकायची होती. दारांच्या चौकटी, खिडक्यांच्या कडा आणि भिंतीतली झडप तशीच राहिली.

"भाऊ, म्होरलं तुमचा ल्योक करंल," तो वडिलांना म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "कालेजात रंग द्याया शिकिवत्यात का न्हाई?"

"नाही, मामा."

"मग काय शिकिवत्यात?" त्यानं ब्रश माझ्या हातात दिला. "ह्ये बघा, कडंला रंग थोडाच घ्यायचा. आन् झडप चार दीस उघडी ठिवायची. हितली हवा लय वली. लावली की चिकाटली."

मी पुण्यात तर्कशास्त्र शिकत होतो. ते सांगण्यात अर्थ नव्हता.

पुढचे काही दिवस मी भेगा भरल्या, पॉलिशपेपरनं घासल्या, कडा रंगवल्या. आई येणार याचा आनंद व्हायला हवा, हे मला ठाऊक होतं; एखाद्या परक्या देशाची राजधानी ठाऊक असते तसं. झडपेवर ब्रशचा एक केस चिकटला होता. तो नखानं काढला, तिथं ओरखडा उठला. त्यावर पुन्हा रंग लावला.

आई यायच्या आदल्या दिवशी झडपेला शेवटचा हात दिला. रंगाऱ्याचं बोलणं लक्षात होतं. तरी मी ती लावून घेतली आणि हात रॉकेलनं धुतले. का लावली, हे तेव्हा सांगता आलं नसतं. आजही फारसं येत नाही.

दुसऱ्या दिवशी आई सकाळच्या गाडीनं आली. दवाखान्यातल्या दुधा-अंड्यांनी अंगानं भरली होती. तिच्यापुढे आम्हीच आजारी दिसत होतो. ती तिच्या खोलीत गेली. आत्यानं ताट वाढलं आणि खिडकीशी आली. झडप हलेना.

"अक्का, जोरात ढकल," वडील म्हणाले.

"ढकलतेच आहे! ह्या कार्ट्यानं रंग लावलाय की सरस?"

वडिलांनी तळहातानं ठोकलं. मग बत्ता आणला. दोन घावांनंतर आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"काय फुटलं?"

तिनं झडप पाहिली, आत्याच्या हातातलं ताट पाहिलं, वडिलांच्या हातातला बत्ता पाहिला.

"हवा खेळावी म्हणून करून घेतली," वडील म्हणाले.

"तळेगावलाही अशीच होती, ताट द्यायला," आई म्हणाली. "तिला रंग नव्हता."

वडिलांनी बत्ता खाली ठेवला. त्यांचा पाट मांडलेला होता. तो त्यांनी पायानं थोडा सरकवला आणि भिंतीशी उभा केलेला दुसरा पाट त्याच्या शेजारी टाकला.

"अरे, पण..." आत्या म्हणाली.

"वाढ, अक्का."

आई बसली. मी समोर बसलो. आमटीत मीठ नव्हतं. आम्ही सगळ्यांनी ती दोनदा मागून घेतली.