एक मॅग्नेटो, दोन करवती

अण्णा गेल्याचा फोन शाळेच्या ऑफिसात आला तेव्हा मी नववी ‘ब’च्या वह्या तपासत बसले होते. गणपतींचं नुकतंच विसर्जन झालं होतं. सुधीरने, माझ्या नवऱ्याने, एवढंच सांगितलं, "अण्णा गेले. दुपारी आडवे झाले ते उठलेच नाहीत. तू ये." शाळेपासून मालगुंडच्या घरापर्यंत रिक्षात मी रडत होते हे खरं, पण आज कबूल करते, रडता रडता मधेच माझ्या मनात आलं... मॅग्नेटो नाटे गावाला आहे! यंदाचा दसरा आमचा, आणि मॅग्नेटो तिकडे गुरुभाऊंकडे. आता तो येणार का? सासरे गेले आणि सुनेला यंत्राचा सुटा भाग आठवला, याची तेव्हा फार लाज वाटली. आता वाटत नाही. अण्णांना कळलं असतं तर तिरडीवरून उठून त्यांनी माझी पाठ थोपटली असती.

अण्णा म्हणजे माझे सासरे. आंब्याची बाग सांभाळणारा सरळ माणूस, पण त्यांना एक खूळ होतं. ते जुन्या चेनसॉ जमवायचे, म्हणजे पेट्रोलवर चालणाऱ्या साखळीच्या करवती. कुणी तिकिटं जमवतं, कुणी नाणी, हे करवती! अठ्ठ्याण्णव साली लग्न होऊन मी सांगलीहून इकडे आले. चौथ्या की पाचव्या दिवशी परसातल्या मांगरात, म्हणजे बागेच्या सामानाच्या खोपटात, गवत असेल म्हणून डोकावले, तर फळ्यांवर ओळीने अकरा यंत्रं, प्रत्येकावर धुतलेल्या गोणपाटाचा झगा. मी विचारलं, "अण्णा, बागेला एवढ्या लागतात?" ते दचकले. "छे गो! झाड कोण तोडतंय? ह्या ऐकायला." आणि ते खरंच होतं. दारातला फणस उभा वाळला होता, तरी त्याला हात लावू देत नव्हते. बागेतल्या सुक्या फांद्यासुद्धा कोयत्याने काढायचे. पण रविवारी सकाळी एकेक यंत्र अंगणात आणून, दोरी ओढून सुरू करायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या वेळी कानात कापूस घालून मागल्या दारी जाऊन बसायच्या.

मी या भानगडीत पडले ती बोटांमुळे. एकदा कार्ब्युरेटरचा बारीकसा स्क्रू आतल्या खाचेत पडला, अण्णांची बोटं जाईनात, माझी गेली. स्क्रू वर काढला तेव्हा त्यांच्या तोंडावर जो आनंद दिसला तो माझ्या बी.एड.च्या निकालानेही कुणाला झाला नव्हता. पुढे त्यांच्या छातीत कळ आली, डॉक्टरांनी दोरी ओढायला सक्त मनाई केली, आणि ते काम आपसूक माझ्याकडे आलं. पहिल्यांदा ओढली तेव्हा दोरीने मलाच पुढे ओढलं आणि मी गोणपाटावर आपटले. चौथ्यांदा मात्र यंत्र खोकलं, धूर ओकलं आणि असं काही गरजलं की शेजारची गाय दावं तोडून पळाली! मी अंगणात नाचले होते. सुधीर ओसरीवरून म्हणाला, "झालं, एक वेडं होतं, आता दोन झाली." तो चुकीचं काही बोलला नव्हता.

आमच्याकडचं सगळ्यात मोठं यंत्र आंजर्ल्याहून आलं. जुनी, दोन माणसांची करवत. एका टोकाला इंजिन, तिथे एक जण. मधे चार-पाच फुटांची पट्टी, आणि पट्टीच्या पलीकडच्या टोकाला मूठ, तिथे दुसरा. एका घरी ती कोंबड्यांच्या खुराड्याला टेकण म्हणून लावलेली. अण्णांनी पाहिलं आणि तिथेच कोंबड्यांमध्ये उकिडवे बसून पट्टीवरची माती पुसायला लागले. घरमालक म्हणाले, "न्या की, भंगार ते. फक्त खुराड्याला दुसरं काहीतरी टेकण द्या." आम्ही जांभ्याचा चिरा लावून दिला आणि टेम्पोत करवतीशेजारी बसून गाणी म्हणत घरी आलो.

या जमवणाऱ्यांची जात मोठी गमतीची. सगळ्यांचा एक न लिहिलेला नियम: सुटा भाग विकायचा नाही, मागणाऱ्याला द्यायचा, बदल्यात यंत्र सुरू झालं की त्याचा आवाज ऐकवायचा. बस्स. रत्नागिरीच्या सायबर कॅफेत बसून मी इंग्रजीत ई-मेल लिहायची, मागे अण्णा उभे राहून "त्याला नमस्कार लिहिलास का?" विचारायचे. नॉर्वेतल्या एका म्हाताऱ्या लाकूडतोड्याने, ज्याला आम्ही जन्मात पाहिलं नाही, त्या आंजर्ल्याच्या करवतीसाठी पिस्टनच्या रिंगा पाठवल्या, लोकरीच्या मोज्यात गुंडाळून. परतभेट म्हणून अण्णांनी आंबापोळी पाठवली. महिन्याभराने त्याचं उत्तर आलं: रिंगा पोचल्या हे वाचून आनंद झाला, पण तुम्ही पाठवलेलं पिवळं चामडं यंत्रात नेमकं कुठे बसवायचं? अण्णा हसून हसून खाटेवर लोळले. "कळव गो त्याला, तोंडात!"

रिंगा बसल्या, सगळं झालं. मॅग्नेटो तेवढा नव्हता. मॅग्नेटो म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारा लोखंडी डबा, मुठीहून थोडा मोठा. तो नसेल तर बाकी सगळं असून यंत्र मुकं. दीड वर्ष आम्ही शोधलं. मग कुणाकडून तरी कळलं की राजापूरकडे, नाट्याला, गुरुनाथ म्हणून होड्यांच्या इंजिनांचे मेकॅनिक आहेत, त्यांच्या वडिलांनी होड्यांचं लाकूड कापायला आणलेली अगदी अशीच करवत त्यांच्याकडे आहे. अण्णांनी फोन केला. यंत्राबद्दल, माझ्याबद्दल भरभरून बोलले, पण मागताना मात्र कुणाकडे जादा आहे का, एवढंच विचारलं. आठवड्याने एस.टी.ने लुंगीत बांधलेलं पार्सल आलं... मॅग्नेटो! चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. सायकलचा आरा प्लगच्या भोकात घालून अण्णांनी पिस्टन वर आलाय की नाही ते पाहिलं, खुणेला खूण जुळवली, मी दोरी गुंडाळली, ओढली. तिसऱ्या ओढीला ती करवत जागी झाली! तो आवाज बाकीच्या यंत्रांसारखा किरकिरा नव्हता, जाड, भरदार होता, पायाखालून वर चढत होता. सुधीरने फोनची वायर खिडकीतून जेमतेम अंगणापर्यंत ओढली आणि रिसीव्हर यंत्रासमोर धरला. यंत्र बंद करून अण्णांनी रिसीव्हर कानाला लावला. मग गुरुभाऊ म्हणाले, "बरा वाजता हां," आणि फोन ठेवला.

पुढच्या उन्हाळ्यात पेटीभर आंबे घेऊन आम्ही दोघं नाट्याला गेलो. गुरुभाऊ साठीचे, काटकुळे, हात कायम ग्रीसचे. चहा झाल्यावर अण्णांनी त्यांची करवत पाहायला मागितली. गुरुभाऊ टाळाटाळ करू लागले, मशीन अडगळीत आहे, पावसाळ्यानंतर या. अण्णा कसले ऐकतात! ताडपत्री उचलली, आणि मॅग्नेटोच्या जागी नारळाची करवंटी दोरीने बांधलेली. धूळ जाऊ नये म्हणून. आम्हाला दिलेला जादा नव्हताच. त्या माणसाने स्वतःचं चालतं यंत्र मुकं करून आमचं बोलतं केलं होतं.

अण्णांना इतकं चिडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "मला चोर केलंत हो तुम्ही!" असं म्हणून ते उठलेच. गुरुभाऊ शांतपणे म्हणाले, "बापूस होता तवर दुसरी मूठ तो धरी. आता मशीन हाय, माणूस नाय. तुमी दोगां आसात." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मी! तोवर मी स्वतःला दोरी ओढणारी समजत होते. त्या परक्या माणसाने मला न पाहताच, अण्णांच्या फोनवरच्या बडबडीवरून, दुसरं माणूस म्हणून धरलं होतं. मला भरून आलं.

दुसऱ्याच दिवशी अण्णा मॅग्नेटो काढून पहिल्या एस.टी.ने परत नाट्याला गेले. गुरुभाऊ घेईनात, हे ठेवून निघेनात. शेवटी तोड निघाली: एक दसरा मालगुंडला, एक नाट्याला. ज्याची पाळी त्याच्याकडे खंडेनवमीला मॅग्नेटो न्यायचा, दोघांनी मिळून करवत चालवायची, मालगुंडला दुसरी मूठ माझी, नाट्याला अण्णांची, ओंडक्याची एकच चकती कापायची, आणि मॅग्नेटो वर्षभर तिथेच. असं बरीच वर्षं चाललं. प्रवासात मॅग्नेटो अण्णांच्या मांडीवर असायचा, शेजारच्याने विचारलं की सांगायचे, "पाहुणा आहे."

आणि या वर्षी आमच्या पाळीला अण्णाच नाहीत. मी गुरुभाऊंना अण्णा गेल्याचं कळवलं, दसऱ्याचं विचारायचं धाडस झालं नाही. कुठल्या तोंडाने विचारू? करार त्या दोघांचा होता. घरात यंदा सणही नव्हता. मांगराची किल्ली मी महिनाभर हातात धरली नव्हती. खंडेनवमीला सकाळी साडेअकराला फाटक वाजलं. गुरुभाऊ, काखेत पिशवी. आईंसमोर बसले, अण्णांच्या फोटोकडे पाहिलं, डोळे पुसले. मग म्हणाले, "सण नाय करूचा, ता माका ठाऊक हा. पण पाळी तुमची." मी आईंकडे पाहिलं. आयुष्यभर त्या आवाजाला शिव्या घालणारी ती बाई म्हणाली, "मग वाजवा ना! बसलात काय?"

आरा, खूण, दोरी. खूण जुळवताना तीन वेळा चुकले. ओढून झाल्यावर सवयीने पलीकडच्या मुठीकडे निघाले, तर तिथे गुरुभाऊ आधीच उभे! "तू तिकडे. इंजिनाक." अण्णांची जागा. करवत चालताना त्या टोकाला मी कधीच उभी राहिले नव्हते. यंत्र केवढं थरथरतं, दातांपर्यंत! वादळात पडलेल्या सुरूचा ओंडका होता, भुसा पायावर पडत होता, मी रडत होते आणि ओरडून हसतही होते. चकती खाली पडली. गुरुभाऊ घाम पुसत म्हणाले, "पुढल्या दसऱ्याक तू येवचा, सूनबाय. मॅग्नेटो घेऊन. थंय नाट्याक दुसरी मूठ तुजी." करार माझ्या नावावर झाला.

मॅग्नेटो सध्या स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यात आहे. इथल्या दमट हवेत आतली कॉइल जाते, म्हणून अण्णा तो नेहमी तांदळात पुरून ठेवायचे आणि आई नेहमी त्यावरून भांडायच्या. काल आईंनी डब्यात नवे तांदूळ भरले. आधी मॅग्नेटो बाहेर काढला, पदराने पुसला, तांदूळ ओतून झाल्यावर हाताने खळगा करून परत आत ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पुढल्या वर्षी नाट्याला मीही येईन म्हणते. इतकी वर्षं कानात कापूस घातला... एकदा नीट ऐकते तरी."