अण्णांनी पहिलं बोट पुढं केलं

मुकुंदवाडीत स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या वडिलांचं, अण्णांचं, दाढी-कटिंगचं दुकान आहे. मी रक्ततपासणीचं काम करते. मधे आमच्या पथकाकडं एक पाहणी आली. हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ, कोणत्या लोकांत किती आहे ते बघायचं होतं. गरोदर बायका, डायलिसिसवरचे पेशंट, ट्रक ड्रायव्हर, शेंद्र्याच्या कारखान्यांतले कामगार आणि साध्या वस्तीतली माणसं. वस्तीसाठी आमचीच मुकुंदवाडी निवडली होती, आणि तपासणीसाठी घातलेल्या मंडपात कुणी येईना. "तो आजार ड्रायव्हर लोकांचा, आमचं काय काम?" असं म्हणत लोक बाहेरच उभे.

अण्णा दुकानातून उठून आले, खुर्चीत बसले आणि बोट पुढं केलं. "माझं घे आधी. लोक बघतील."

त्यांच्यामागं रांग लागली. पण अण्णांच्या तपासणीच्या पट्टीवर दुसरी रेघ, म्हणजे आजार असल्याची खूण, उमटली होती. मी पट्टी बाजूला ठेवली आणि पुढच्या माणसाचं बोट धरलं.

मोठ्या दवाखान्यात पुन्हा तपासणी झाली. यकृत ठीक होतं, गोळ्यांची तूर्त गरज नव्हती, फक्त वरचेवर दाखवत राहायचं. आईला आजार निघाला नाही, तिला लस दिली. अण्णांना हा आजार कधी आणि कसा लागला, ते कुणालाच सांगता आलं नाही. कदाचित जन्मापासूनच असेल, कदाचित लहानपणी गावात एकाच सुईनं सगळ्यांना टोचायचे तेव्हाचा.

"अण्णा, कुणाला सांगायची गरज नाही. आम्ही कुणाचं नाव बाहेर जाऊ देत नाही," मी म्हणाले.

"तुमचं बरोबर हाय. पण माझा हात लोकांच्या गालावर फिरतो. दुसऱ्याकडून ऐकण्यापरीस त्यांनी माझ्याकडून ऐकावं."

आणि त्यांनी खरंच सांगितलं. गिऱ्हाईक बसलं की नव्या ब्लेडचं पाकीट त्याच्यासमोर फोडायचे, हातमोजे घालायचे आणि शांतपणे म्हणायचे, "मला ही कावीळ हाय. शिवल्यानं, संगं जेवल्यानं लागत नाय. रक्तातून लागते. तुम्ही तपासून घ्या, लस घ्या." काही बसून राहिले, बरेच उठले. दर रविवारी येणारे एक रिटायर कारकून तर अर्ध्या साबणानिशी उठले आणि टॉवेलानं तोंड पुसत निघून गेले. त्या महिन्यात अण्णा बऱ्याचदा रिकाम्या खुर्चीशेजारी पेपर वाचत बसलेले दिसायचे. दुकान मात्र वेळेवर उघडायचे.

पुढच्या शिबिराला ते कारकून सगळं घर घेऊन आले. रिपोर्ट मी त्यांना आणि त्यांच्या बायकोला वेगवेगळं बसवून दिले. थोड्या वेळानं ते सरळ अण्णांच्या दुकानात शिरले. मी चहा द्यायला तिथंच आले होते.

"मला नाय निघाली," ते म्हणाले. "आमच्या बायकोला निघाली. तिनंच तुम्हाला सांगा म्हटलं." मग म्हणाले, "तुमच्या ब्लेडनंच आजार पसरतो, असं मी लोकांत लई बोललो. पण ती बाई तुमच्या दुकानाची पायरीसुद्धा कधी चढली नाय."

अण्णांनी खुर्ची झटकली. "बसा. दाढी वाढलीय."

पाहणी संपली तेव्हा डायलिसिसवाल्यांत प्रमाण जास्त निघालं, इतरांत कमी. पण अगदी कोरा असा एकही गट नव्हता.

त्यानंतर गंगापूरला सलूनवाल्यांची बैठक ठेवली, तेव्हा आमच्या पथकाच्या साहेबांनी अण्णांनाच बोलायला बोलावलं. मी तपासणीची पेटी घेऊन मागं उभी होते. एका तरुण न्हाव्यानं विचारलं, "काका, सांगितलं नसतं तर धंदा गेला नसता ना?"

"गेला नसता," अण्णा म्हणाले. "पण ती माणसं तपासायलाबी गेली नसती."

शेजारच्या नर्सनं मला हळूच विचारलं, हे कोण. "माझे वडील," मी म्हणाले. जरा मोठ्यानंच म्हणाले असेन, कारण पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.