सासऱ्यांची चपटी लॉरी

आधी चहा संपवा. मी जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही हसणार, आणि चहा नाकात गेला तर दोष पुन्हा माझ्याच माथी! सध्या माझ्या माथ्यावर जागा नाही.

सासऱ्यांना खूश करायला गेलो होतो हो मी. एवढाच काय तो गुन्हा.

सासरे म्हणजे अप्पा. तंजावरकडचे मराठी. मी साताऱ्याचा. इकडे तमिळ मुलखात आवडी नावाच्या गावी फॅक्टरीत नोकरीला आलो, अप्पांची पद्मा केली आणि इथलाच झालो. लग्नापासून आजवर माझ्या प्रत्येक पराक्रमावर अप्पांचा एकच तमिळ शब्द, "सेरी." म्हणजे 'बरं'. बढती मिळाली? सेरी. घर बांधलं? सेरी. नात वर्गात पहिली आली तेव्हा मात्र "शाबास" म्हणाले, पण तिला.

या माणसाच्या तोंडून मरण्याआधी एकदा चांगलं ऐकायचं, असं मी ठरवलं. कोण आधी मरणार ते सोडा, अप्पांची तब्येत माझ्यापेक्षा चांगली आहे. रिटायर झाल्यावर माणसाला असले डोहाळे लागतात.

अप्पांच्या खोलीत एक फोटो आहे. मागे हार घातलेली लॉरी, पुढे तरुण अप्पा, दोन्ही हातांत डोक्यावर उचललेला कोहळा. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, इथे गाडीवरून कोहळा ओवाळून रस्त्यात फोडतात. म्हटलं, काय भक्ती! लॉरी जुन्या चपट्या तोंडाची, पुढे बॉनेट नाही, इंजिन केबिनच्या आत, ड्रायव्हरच्या डाव्या पायाशी. पद्माच्या जन्माआधीच विकलेली, त्यामुळे तिलाही फोटोपलीकडे काही ठाऊक नाही.

एकदा सहज विचारलं, "अप्पा, हिची पुढची जाळी कशी होती हो?"

अप्पांनी डोळे मिटले. "आडव्या पट्ट्या. तिसरी डावीकडे वाकलेली. अस्के आठवतें मज." अस्के म्हणजे सगळं. आणि डोळ्यांत पाणी!

आता तुम्हीच सांगा, काय समजायचं माणसाने?

समुद्रकाठच्या एन्नोरला सेल्वम नावाच्या मेकॅनिकच्या शेडमागे तसल्याच लॉरीचा सांगाडा मिळाला. खाऱ्या वाऱ्याने असा खाल्लेला की दाराला हात लावला तर दार हातात. तोच विकत घेऊन अप्पांची लॉरी पुन्हा उभी करायची ठरवलं, आणि सुरू झाली माझी पायपीट. पुदुपेटच्या भंगार गल्ल्यांत उन्हातान्हात हिंडलो. हेडलाइटची रिंग मिळाली तर काच नाही, काच मिळाली तर ती बसची. प्रत्येक दुकानदार म्हणायचा, "नाळैक्कु वांग सार." उद्या या! तो उद्या अजून उगवायचाय. माझे गुडघे गेले, रविवार गेले, पेन्शनचं तर नावच काढू नका.

पद्मा म्हणायची, "शर्टाला अत्तराचा वास आला असता तर भांडले तरी असते. ग्रीसशी काय भांडू?"

पण अप्पांना यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. मी आपला आडून आडून विचारायचो.

"दाराचं हँडल कसं होतं हो, अप्पा?"

"खाली ओढायचें. उघडायचें नाहीं. खिडकींतून उतरायचों."

"आणि हॉर्न?"

"ब्रेक दाबला की आपणच वाजायचा. हात लावला तर गप्प!"

वा, काय त्या आठवणी! मी तसाच सेल्वमकडे. म्हटलं, तिसरी पट्टी वाकव.

"सार, नवी पट्टी आहे! चांगली आहे!"

"म्हणूनच वाकव."

दाराचं हँडल सुरेख चालत होतं, ते मी अडकवायला लावलं. हॉर्नची वायर ब्रेकला जोडायला लावली. सेल्वमने माझ्याकडे पाहिलं ते डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावताना पाहतात तसं. पण मला अस्सल पाहिजे होती ना! अस्सल!

आयुधपूजेच्या सकाळी अप्पांना आणि पद्माला एन्नोरला नेलं. अप्पा पांढरी वेष्टी नेसलेले, कपाळाला गंध. लॉरीवर ताडपत्री. मी ती ओढली.

अप्पा एक पाऊल मागे गेले. मग हळूच पुढे येऊन तिसऱ्या पट्टीवरून बोट फिरवलं. आता म्हणतील, आता म्हणतील!

अप्पा म्हणाले, "परत कशी आली ही?"

"म्हणजे?"

"अय्यो, जावई! लग्नांतला सोन्याचा गोफ खाल्ली ही. झोंप खाल्ली. हिच्यापायीं तुमच्या सासूबाई माहेरीं जाऊन बसल्या! मी विकलों तेव्हां त्या परत आल्या."

"पण फोटोत कोहळा..."

"विकलों त्या दिवशींचा फोटो. पीडा गेली म्हणून माझी दृष्ट काढलों. गाडीची नव्हे!"

"मग तो भिंतीवर कशाला लावलात?"

"परत कुणी असा मूर्खपणा करूं नये म्हणून."

मी म्हणालो, "अहो अप्पा, मला सांगायचं तरी!"

"तुम्ही जाळी विचारलां, हँडल विचारलां, हॉर्न विचारलां. गाडी बरी होती काय, तें विचारलां नाहीं."

पद्मा पदर तोंडाला लावून शेडच्या कोपऱ्यात गेली. रडायला नाही.

पूजा उरकली. वाटलं, आता मुकाट्याने घरी जावं. पण अप्पा बाजूच्या सीटवर चढून बसले आणि म्हणाले, "चालवा."

चालवली. डावा पाय इंजिनाशेजारी भाजत होता. ब्रेक दाबला की हॉर्न केकाटायचा आणि पुढचा माणूस मागे वळून माझ्या खानदानाची चौकशी करायचा. बंदराच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत मधोमध बाईसाहेब बंद पडल्या. दार उघडेना, कारण ते उघडू नये याची व्यवस्था मीच केली होती! खिडकीतून उतरलो. उतरलो कसला, पडलो. मागे बसलेल्या सेल्वमला खिडकीतून आत चढवून स्टिअरिंग दिलं आणि मी मागून ढकलायला लागलो. या वयात! त्या उन्हात!

आणि पुढून आवाज आला. अप्पा हसत होते. तीस-एक वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. खो खो, खोकला लागेपर्यंत. कंटेनरवाले जमले. कुणी तरी तमिळमध्ये विचारलं, "पेरियवरे, म्हणजे आजोबा, हा मागचा कोण हो?"

अप्पा खिडकीतून अर्धे बाहेर आले आणि छाती फुगवून, आधी तमिळमध्ये आणि मग माझ्यासाठी मराठीत, ओरडले, "माझा जावई! इतकीं वर्षें मज वाटायचें, ही गाडी घेणारा गाढव जगांत मी एकलाच. देवानें म्हातारपणीं सोबत दिली!"

सगळे माझ्याकडे वळून टाळ्या वाजवू लागले. एवढ्या वर्षांनी सासऱ्यांनी चारचौघांत मला आपलं म्हटलं, आणि मला वर मान करून बघताही आलं नाही. मान वर केली असती तर लॉरी मागे आली असती.