जवाई पाटावरून उठेना

कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हापासून वऱ्हाडात ‘पुरे’ हा शब्द कोणी उच्चारीना. अमरावतीत बैलांच्या शिंगांना चांदी चढली, अकोल्यात माणसांना पोटं सुटली. या उधळपट्टीविरुद्ध मी शिळाप्रेसवर पत्रकं छापून वाटत असे. लोक ती आवडीनं घेत आणि त्यांत जिलबी बांधून नेत.

भाव कोसळल्यावरही ऐट उतरली नाही. त्या सालच्या अधिक जेठात बहीण आणि जवाई अकोल्याहून आमच्या घरी पुरणाचे धोंडे खायला आले. जवाई कापसाचे व्यापारी. लग्नाच्या वेळी आखाड्यातले पैलवान होते. आता छाती हळूहळू पोटावर येऊन बसली होती. अंगणात पाय ठेवताच आमची पांढरी जोडी पाहून बाबांना म्हणाले, “मामाजी, बैल झकास हायेत.”

झालं. अधिकात जवाई जे नावाजेल ते त्याला द्यायचं, अशी आमच्या घरची रीत. पूर्वीचे जवाई समजूतदार, तांब्या नाहीतर धोतर नावाजायचे. बाबांचा चेहरा उतरला, पण तोंडानं म्हणाले, “तुमचीच समजा.”

घरात ती एकच जोडी, आणि मृग तोंडावर आलेला. मी बाबांना आत गाठलं. “पेरणी काय मले जुंपून करता?”

“तुले जुंपलं तं तास वाकडं जाईन,” बाबा म्हणाले. “भावकीनं जवायाले चांदीचं ताट देल्लं. मी मागं राहू काय?”

चुलीपाशी बहीण वेगळंच सांगून गेली. “त्याइले बैल नकोच हायेत. महागाचा कापूस गोदामात पडून हाये, कोणी पुसत नाही. बैलाले कडबा कोठून चारतीन?”

“मंग नाही म्हणाव.”

“नाही म्हटलं तं लोकाइले समजीन ना, हातात काही नाही म्हणून.”

म्हणजे एकाला द्यायची ऐपत नव्हती, दुसऱ्याला घ्यायची नव्हती, आणि दोघंही हसतमुखानं पाटावर बसले. आई धोंडे वाढू लागली. जवाई नको म्हणत नाही तोवर सासूनं थांबायचं नाही, आणि पैलवान जवायानं नको म्हणायचं नाही.

“एवढ्यात हरले काय?” आई म्हणाली.

“हरतो कायले? वाढा.”

मी संतापून माझ्या पत्रकातला उधळपट्टीचा परिच्छेद घडाघडा म्हणून दाखवला. बाबांनी शांतपणे ऐकून घेतला. “झालं? आता तूप वाढ.” मी वाढलं.

जेवण आटोपलं आणि जवाई उठेनात. आधी हात भुईला टेकला, मग गुडघ्याला, मग माझ्याकडे पाहिलं. बाबांनी आणि मी एकेक बगल धरून ओढलं. अर्धे वर आले आणि पुन्हा बसले. पाट कडकन उलला. बहिणीनं पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत, कळलं नाही.

जवाई बसल्या जागेवरून म्हणाले, “मामाजी, पुरे.”

“धोंडे?” बाबांनी विचारलं.

“धोंडेही, अन् जोडीही. हे पचून नाही राहिले, ते पोसणं होत नाही. कापसानं यंदा मले पार बसवलं.”

आमच्या घरात तो शब्द किती दिवसांनी ऐकू आला होता. बाबा त्यांच्यासमोर भुईवरच बसले. “बरं झालं तुमीच बोलले. जोडी गेली असती तं वावर पडीक होतं. भाड्याचे बैल आणाले माह्यापाशी काय हाये?”

दुसऱ्या दिवशी तीच जोडी गाडीला जुंपून बाबा लेक-जवायाला पोचवायला निघाले. मीही पत्रकं घेऊन बसलो. अकोल्याच्या वाटेवर एका चढाला बैल थांबले आणि हलेनात. बाबांनी मागे वळून पाहिलं.

“जवाईबुवा, उतरता काय?”

जवाई उतरले, धोतर खोचून गाडीमागे चालू लागले. माझ्या पत्रकानं आजवर कोणाला गाडीतून उतरवलेलं नाही. चढ संपला तेव्हा ते धापा टाकत होते.

“या, बसा आता,” बाबा म्हणाले.

“त्या बाभळीपर्यंत चालतो,” जवाई म्हणाले. “त्याच्या पुढं नाही.”