खालचं बटण, वरचं बटण

हरियाणात मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे. अधिकारी म्हणजे ‘हेल्मेट घाला’ म्हणून ओरडत फिरणारी बाई. माझा अधिकार तेवढाच.

जड साचे उचलणाऱ्या क्रेनचा बटणांचा डबा वरून केबलला लटकतो. केबल जिथून आत जाते ती वरची बाजू तुटली. नवा डबा मागवायचा सोडून मेंटेनन्सवाल्यांनी केबल खालून आत घातली आणि डबा उलटाच टांगला. आता वरचं बटण दाबलं की साचा खाली, खालचं दाबलं की वर! यावर त्यांचा इलाज काय, तर स्टिकर. खालच्या बटणावर ‘ऊपर’, वरच्यावर ‘नीचे’. मी कडकडून भांडले. मॅनेजर म्हणाले, ‘चलो, नया आने तक चला लो.’

मग व्हायचं तेच झालं. साचा बसवताना एकाचा हात खाली अडकायला आला. तो ओरडला, ‘ऊपर, ऊपर!’ क्रेन चालवणाऱ्याने वरचं बटण दाबलं. कोणीही तेच दाबलं असतं. वर म्हटलं की अंगठा वरच जातो, तो अक्षरं वाचत बसत नाही. साचा खाली आला आणि ओरडणाऱ्याची दोन बोटं गेली. दोघं एकाच गावचे, एकाच खोलीत राहणारे.

चौकशीत मॅनेजरसाहेबांचा निकाल तयारच होता: चालवणारा निष्काळजी, काढून टाका. चोर सोडून संन्याशाला फाशी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी साहेबांना क्रेनपाशी नेलं, डबा हातात दिला आणि त्यांचं भाषण चालू असतानाच ओरडले, ‘सर, ऊपर!’

रिकामा हूक सरसर खाली आला.

‘अरे यार, मैं बात कर रहा था,’ ते म्हणाले. ‘ध्यान नहीं था.’

‘आणि तो काय पूजा करत होता?’ मी चक्क मराठीत विचारलं.

डबा त्याच दिवशी सरळ टांगला गेला. चालवणाऱ्याला मात्र काढलंच. मी त्याला गेटवर गाठलं. म्हटलं, ‘तक्रार करो, मैं गवाही दूँगी. तुम्हारी गलती नहीं थी.’

त्याने मान वर केली नाही.

‘थी मैडम,’ तो म्हणाला. ‘मुझे पढ़ना आता है.’