पाठी कोण?

आयुष्यभर पोलिसांना गोळी झाडायला शिकवणारा माणूस दिवाळीत कानात कापसाचे बोळे कोंबून घरात बसायचा, हे सांगून कुणाला खरं वाटेल? आमचे उस्ताद बसायचे. रत्नागिरीत पोलिसात भरती झालेल्या माझ्यासारख्या कित्येकांना नेमबाजी शिकवली ती त्यांनीच. खाडीकाठच्या गावचे, घरातले बाकी सगळे पुरुष बोटीवर नाहीतर आखातात. "मला बोट लागते, म्हणून मी खाकी घातली," असं ते खुशाल सांगत.

जांभ्याच्या जुन्या चिरेखाणीत आमचा सराव चाले. तुकडीतली पोरं मोबाइलवर व्हिडिओ बघून शहाणी झालेली. पॉइंट थ्री टूचं पिस्तूल जास्त ताकदीचं की नाइन एमएमचं, यावर चहाच्या वेळी अशी जुंपायची की विचारू नका. उस्ताद शांतपणे बिस्किट बुडवत ऐकायचे. मग म्हणायचे, "ताकद काय चाटायचीय? जेवढा मोठा बार, तेवढा मोठा धक्का. पहिली गोळी लागेल, दुसरी जाईल आभाळात. हातात ऱ्हाते ती आपली गोळी."

त्या धक्क्याला मी जाम भ्यायचे. चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायचे, पिस्तुलाचं तोंड खाली जायचं. चाचणी तोंडावर आली होती आणि मी नापास होणार हे तुकडीनं धरूनच टाकलं होतं. एक दिवस उस्तादांनी स्वतः मॅगझिन भरून दिलं. मी चाप ओढला. टक्! ना आवाज, ना धक्का, आणि माझा हात मात्र दणकन खाली. गुपचूप एक नकली काडतूस सरकवून ठेवलं होतं उस्तादांनी! सगळे खो खो हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उस्ताद हसले नाहीत. "बघितलंस गो? धक्का यायच्या आधीच तू धक्का खाल्लास." मग हात स्थिर होईपर्यंत रोज एखादं नकली काडतूस टाकत राहिले. त्यांच्यामुळे मी पास झाले.

पोकळ टोकाची गोळी कशी असते, असं एकानं विचारलं. आमच्याकडे ती नव्हतीच. उस्ताद म्हणाले, "ती अंगात शिरली की फुलते नि बहुतेक तिथंच थांबते. आपली साधी गोळी पुढच्या दारानं येते नि पाठच्या पडवीतून निघून जाते. म्हणून आधी बघायचं, पाठी कोण?" हा प्रश्न ते प्रत्येक बाराआधी विचारत. पाठी खाणीची भिंत, दुसरं कोण असणार? पण "जांभा, उस्ताद!" असं ओरडल्याशिवाय गोळी झाडू देत नसत. आम्ही त्यांची टिंगल करायचो. मेसमध्ये कुणी माशाच्या तुकडीला हात घातला की चारी बाजूंनी आवाज यायचा, "पाठी कोण?"

पुढे मी फौजदार झाले. गेल्या वर्षी मासळीबाजारात एक माणूस कोयता घेऊन सख्ख्या भावावर धावला. मी पिस्तूल रोखलं. हात जरासुद्धा हलला नाही. पण त्याच्या पाठीमागे कोळंबीच्या टोपलीपाशी एक बाई उभी होती, कडेवर मूल, जागच्या जागी थिजलेली. मी पिस्तूल खाली केलं आणि सरळ त्याच्या अंगावर गेले. भाऊ वाचला, माणूस सापडला, कोयता माझ्या खांद्यात बसला. नंतर जो येईल तो एकच विचारी, "हातात पिस्तूल असून चालवलं कसं नाही?" ऐकून ऐकून मलाही वाटायला लागलं, आपण कच खाल्ली. राजीनाम्याचे विचार डोक्यात घोळायला लागले.

हात गळ्यात बांधून मी उस्तादांकडे गेले. ते अंथरुणाला खिळलेले. त्यानंतर आठवड्याभरातच ते गेले, त्यामुळे आमची भेट ती शेवटचीच. मी सगळं सांगितलं आणि मान खाली घालून बसले. का नाही चालवलंस, हे त्यांनी विचारलंच नाही.

"पाठी कोण होतं?"

"एक बाई. कडेवर पोर होतं, उस्ताद."

त्यांनी हात माझ्या बांधलेल्या खांद्यावर ठेवला.

"मग नेम बरोबर लागला तुझा, पोरी."