मास्तरांची पट्टी, मायची ओ

गोविंदराव मास्तर गेल्याचं कार्ड डोणगावहून आलं. पाठवणारा त्यांचा जुना विद्यार्थी, आता तिथल्या शाळेचा हेडमास्तर. खाली त्याने लिहिलं होतं, 'खामगावच्या शोकसभेत तुम्ही बोललंच पाहिजे. मास्तरांच्या विद्येचा तुमच्याएवढा जिवंत दाखला दुसरा नाही.' मी खामगावातच राहतो, टाळणार कसं? गेलो, दहा मिनिटं बोललो, एकदाही अडकलो नाही. लोकांनी डोळे पुसले. एकजण म्हणाला, 'मास्तर वरून ऐकत असतील.' ऐकत असतील तर आता हेही ऐका म्हणावं. त्या दिवशी मी जे बोललो ते खोटं होतं. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये हे मलाही ठाऊक आहे, पण तीन आठवडे झाले तरी माझा राग बसत नाही.

मी जन्माचा तोतरा. व्हर्नाक्युलर फायनल चांगल्या मार्कांनी पास झालो, हस्ताक्षर मोत्यासारखं, पण तोंड उघडलं की पहिल्या अक्षरावरच गाडी अडायची. शाळेत नेमणुकीसाठी गेलो तेव्हा नागपूरहून आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांनी नाव विचारलं. मी ते सांगून पुरं करेपर्यंत त्यांनी पुढच्या उमेदवाराला बोलावलं होतं. विधवा आईचा एकुलता एक मुलगा मी, धाकटी बहीण गंगा लग्नाची. मास्तरकी मिळाली नाही तर सरकी काढायच्या जिनात कापसाच्या गाठी उचलायच्या, एवढाच रस्ता उरला होता. कुणीतरी सांगितलं, पुण्याचे कुणी गोविंदराव मास्तर खामगावात आलेत, वाणी सुधारतात. म्हणून मी त्यांच्या दारात गेलो... माझ्या पायांनी गेलो, हे कबूल करायला हवं.

मास्तरांचा उच्चारशुद्धीचा वर्ग भरत असे. दुसरबीड, डोणगाव अशा गावांतले पाच-सहा प्राथमिक शिक्षक तिथे शिकायला यायचे. फळ्यावर मास्तर माणसाचं तोंड काढत. जीभ, टाळू, दात, कंठ. कोणतं अक्षर कुठून निघतं ते खडूने दाखवत. विद्वान होते, त्यात वाद नाही. मग माझ्याकडे बोट करून म्हणत, "हा नमुना पाहा. बोल रे." मी अडकायचो. ते शिक्षक वहीत लिहून घ्यायचे, आणि माझ्या घामाने सदरा भिजायचा. मास्तर टेबलावर लाकडी पट्टी आपटत, एका अक्षराला एक ठोका. त्या ठोक्यावर पाय टाकत चालल्यासारखं बोलायचं. पट्टी नसेल तेव्हा मांडीवर बोटाने ठोका द्यायचा. आणि खरंच, महिन्याभरात शब्द सुटू लागले. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं!

पण मास्तरांचा एक नियम होता. घरात तोंड उघडायचं नाही. "तुझ्या घरची बोली हीच रोगाची जागा आहे. तिथे बोललास की इथलं सगळं पाण्यात. शुद्ध वाक्य येत नाही तोवर मौन." किती दिवस, असं मी विचारलं नाही. पुढे ते वर्षभर चाललं.

आमच्या गल्लीत रहीम चाचा पिंजारी होते. कापूस पिंजायच्या त्यांच्या धुनकीच्या गुंईगुंईत मी कापसाजवळ बसून वाटेल ते बोलायचो आणि अडकायचो नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. चाचा काम करता करता ऐकायचे, तोंडाकडे बघायचे नाहीत. एकदा मास्तरांनी जाताना मला तिथे घडाघडा बोलताना पाहिलं. खरा वैद्य तिथेच थबकला असता. इथे हा का अडकत नाही, असं त्याने विचारलं असतं. मास्तरांनी मला हाताला धरून उठवलं. चाचा म्हणाले, "मास्तर, बोलू द्या ना त्याले. चांगला बोलून राह्यला पोरगा." मास्तर म्हणाले, "याला बोलणं म्हणत नाहीत." तोंडाचं इतकं सुरेख चित्र काढणाऱ्या या माणसाला फळ्यावर कान काढायचं कधी सुचलं नाही. बोलणं अर्धं ऐकणाऱ्याच्या सबुरीत असतं, हे त्या अडाणी पिंजाऱ्याला कळत होतं.

आणि मायला कळत होतं. लहानपणापासून मी दारातून हाक मारायचो, "म... म... माय." तिसऱ्या 'म'ला ती आतून ओ द्यायची, "हाव बापू, आली." कधी शब्द तोडला नाही, कधी पुरा करून दिला नाही. भाकरी थापता थापता थांबायची, एवढंच. त्या वर्षी तिला हाकच ऐकू आली नाही. मी घरात यायचो, ताटावर बसायचो, मानेने हो-नाही करायचो. पहिले काही दिवस ती हसली. मग एकदा माझ्यासमोर बसून म्हणाली, "काऊन रे बापू? माह्यावर रागावला का? मले बोलता येत नाही चांगलं, म्हणून बोलत नाहीस का?" मी मान हलवली. नाही म्हणून हलवली होती... तिला काय समजलं, देव जाणे. नोकरी लागली की पोटभर बोलू, असं मी मनाशी म्हणत होतो.

नेमणुकीचा कागद हातात पडला त्याच आठवड्यात माय तापाने आडवी झाली. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. दुपारी मी शाळेतून धावत आलो, चुलीशेजारी तिची बाज होती, तिथे वाकलो. मास्तरांनी त्याच सकाळी मौन सोडायला सांगितलं होतं. बोट मांडीवर गेलं आणि वर्षाची सगळी मेहनत एका दमात बाहेर आली, "आई, मी आलो आहे." स्वच्छ, खणखणीत, एकही अक्षर न अडकता.

माय अंग चोरून पदर सावरू लागली. "कोन आलं व गंगे? मास्तर आले का घरी? त्यायले पाट दे बसाले."

गंगा रडत म्हणाली, "माय, बापू आहे व."

"नाही व," माय म्हणाली. "माहा बापू त अडकते."

मी पुन्हा बोललो, पुन्हा पुन्हा बोललो, आणि जितकं बोललो तितका परका होत गेलो. दिवेलागणीला ती गेली. तेराव्यानंतर मास्तरांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वाईट झालं. पण वाक्य अडकलं नाही ना?" दुष्टपणाने नाही विचारलं त्यांनी, खऱ्या काळजीने विचारलं. म्हणूनच मी त्यांना क्षमा केलेली नाही. आणि माझी लाज अशी, की पुढची चार वर्षं मी त्यांच्याच वर्गात पट्टी घेऊन उभा राहिलो.

शोकसभेतही माझा उजवा हात कोटाच्या खिशात होता, बोट मांडीवर ठोके देत होतं. आजवर ते थांबवायची हिंमत झाली नव्हती. थांबवलं तर पुन्हा अडकेन ही भीती होती, आणि खरं सांगायचं तर तीच आशाही होती. काल दुपारी घरात कुणी नव्हतं. चुलीशेजारी, जिथे तिची बाज असायची तिथे जाऊन बसलो. उजवा हात मांडीखाली दाबून धरला, डोळे मिटले, आणि हाक मारली.

"माय."

अडकलो नाही.